खाणीतल्या पाण्याचा रंग

आमच्या घरामागून एक नाला जायचा. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आम्ही राहायचो. आसपासच्या गाळ्यांमधून कपडे धुण्याची, रंगवण्याची कामं चालायची, त्यामुळे नाल्याचं पाणी कधी एका रंगाचं नसे. शाळेत जाताना मी आणि माझी मैत्रीण पैज लावायचो, आज कुठला रंग. बहुतेक वेळा जीन्सचा निळा निघायचा. कधी किरमिजी, कधी नुसताच फेस. पाण्याला रंग आहे म्हणजे तो कुणीतरी त्यात ओतलाय, हे माझ्या डोक्यात त्या वयात इतकं पक्कं बसलं की मोठी झाले तरी ते निघालं नाही.

पुढे नोकरीही रंगातच लागली. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत रंगांची एक छोटी कंपनी होती. तिच्या लॅबमध्ये मी शेड जुळवायचे. गिऱ्हाइकाकडून पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा यायचा, त्याच्यासारखाच रंग तयार करून द्यायचा. मशीन होतं, पण मशीननं हो म्हटल्यावरही खिडकीपाशी जाऊन दोन तुकडे शेजारी धरून बघायचं, आणि डोळ्यांना पटलं तरच सही करायची. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी आल्यावर आईच्या पदरात आणि ब्लाऊजमध्ये किती फरक आहे हेसुद्धा मला नको असताना दिसायचं.

लॅबमधल्या एका मुलीचं लग्न बदलापूरच्या पुढे एका गावात होतं. दोन हजार एक किंवा दोन साल असेल, थंडीचे दिवस होते. परतताना आमची टमटम बंद पडली. ड्रायव्हर खाली वाकून खटपट करत होता, म्हणून आम्ही बायका रस्त्यावर पाय मोकळे करत होतो. रस्त्याच्या एका अंगाला जुनी दगडाची खाण होती. काम कधीच थांबलेलं, कडेला झुडपं वाढलेली. मी सहज काठावर जाऊन खाली पाहिलं.

खाली पाणी होतं, आणि ते निळंही नव्हतं आणि हिरवंही नव्हतं. मोराच्या मानेवर जिथे निळा संपून हिरवा सुरू होतो ना, त्या जागेसारखं, पण त्यात थोडं दूध मिसळल्यासारखं. चारही बाजूंनी काळा कातळ आणि मध्ये हे. मी रोज शेकडो शेड बघणारी, पण असा रंग मी कधी कुणाला बनवून दिला नव्हता.

पहिला विचार आला तो नाल्याचाच. एक बाई तिथे शेळ्या चारत होती. तिला विचारलं, "मावशी, यात कुणी काही टाकलंय का?"

"कोन टाकील गो? हिकडं कंपनी नाय का काय नाय." ती हसली. "पावसान चायसारखा लाल व्हतो, थंडीन आसा. मंग उन्हालीं आटतो."

"दर वर्षी?"

"दर वर्साला. तुला काय करायचाय त्याचा?"

मला काय करायचं होतं ते मलाच माहीत नव्हतं. एका बाजूनं उतरायला वाट होती. मी साडी वर धरून खाली गेले, जवळची पाण्याची बाटली रिकामी केली आणि त्या पाण्यानं भरून घेतली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पांढऱ्या टाइलवर बाटली धरली. पाणी साधं होतं. नळाला येतं तसं. मी काचेच्या नळीत घालून पाहिलं, मशीनखाली ठेवलं. रंग नाहीच.

आमचे साहेब म्हणाले, "खोलीमुळे दिसतं तसं. दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगत असते, तिच्यावर उजेड पडतो. बाटलीत कुठून दिसणार?" त्यांचं बरोबर असावं. पण तळ्यात आहे आणि ओंजळीत नाही असा रंग असू शकतो, ही गोष्ट मला चैन पडू देईना. जो बाटलीतून आणता येत नाही तो फोटोतून तरी आणता येईल का, असं वाटलं, आणि त्या एका विचारापायी मी कॅमेरा घेतला.

कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी काकांचं दुकान होतं. ते घड्याळं, रेडिओ आणि जुने कॅमेरे विकायचे. त्यांनी एक जपानी कॅमेरा काढून फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "शादी का काम करोगी?"

"नाही काका, पाण्याचे फोटो काढायचेत."

"पानी के?" त्यांनी दुकानातल्या नोकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक है बेटी, एक रोल मेरी तरफ से. पानी का भी निकालो. पर शादी मिले तो ना मत बोलना."

खाणीवर एकटीनं जायचं म्हटल्यावर आईनं साफ नाही म्हटलं. तेव्हा बाबा म्हणाले, "मी नेतो."

बाबा एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडल्यापासून घरीच होते. सकाळी विहारात झाडलोट करायला जायचे, दुपारी कुणाचा पंखा नाहीतर मिक्सर दुरुस्त करायचे. फार बोलणारा माणूस नव्हे. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, ती त्यांनी इतक्या वेळा खोलून जोडली होती की मूळची किती उरली होती कुणास ठाऊक. त्या स्कूटरवरून आम्ही दर रविवारी निघायला लागलो. अंबरनाथ मागे टाकायचं, बदलापूर मागे टाकायचं, कुठल्या तरी टपरीवर चहा घ्यायचा आणि खाणीच्या काठावर जाऊन बसायचं.

पहिल्या रोलचे फोटो आले तेव्हा माझा विरस झाला. पाणी करडं आलं होतं, जरासं हिरवट. मी फोटो स्टुडिओत जाऊन भांडले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मशीन आपोआप करेक्शन करतं. एवढा निळा-हिरवा एकदम दिसला की त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय."

"बिघडलेलं नाहीये. ते तसंच आहे. करेक्शन बंद करा."

"मग मला बोलू नका."

दुसऱ्या वेळचे प्रिंट पाहून मी दुकानातच हसायला लागले. रंग आला होता. अगदी तोच नाही, पण त्याच्या शेजारी बसेल असा. घरी येऊन मी दोन्ही प्रिंट बाबांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले, उलटे करून मागेही पाहिलं.

"छान आहेत दोन्ही."

"बाबा, पहिला बघा आणि हा बघा. केवढा फरक आहे."

"हो का. असेल." असं म्हणून ते पंख्याच्या कॉइलकडे वळले. मला वाटलं, त्यांना यात फारसा रस नाही. केवळ माझ्यासाठी येतात.

पण यायचे मात्र न चुकता. पुढच्या दोन वर्षांत आम्ही बरंच फिरलो. कोंडेश्वरला पावसानंतर धबधब्याखालच्या कुंडांत पाणी निवळतं, ते पाहिलं. बारवी धरणाच्या बाजूला गेलो. एकदा आईलाही घेऊन एसटीनं कोकणात गेलो, तेव्हा सुरूच्या बनातून अचानक समुद्र दिसला आणि तोही दुपारी दोन वाजता त्याच जातीचा निळा-हिरवा होता. मला कळायला लागलं की हा रंग ढगाखाली मरतो, तिरप्या उन्हात पिवळट होतो आणि डोक्यावर ऊन असताना पुरा उघडतो. मी एकटीच बडबडत असायचे. बाबा ऐकून घ्यायचे. मधूनच म्हणायचे, "इकडून घे. इथून कातळाची भेग उठून दिसतेय." किंवा, "थोडी थांब, वारा पडू दे, सावली स्थिर होईल." त्यांनी सांगितलेल्या जागेवरून काढलेला फोटो हमखास चांगला यायचा. असं का, हे मी तेव्हा स्वतःला कधी विचारलं नाही.

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात मुलांचे कार्यक्रम असायचे. त्या वर्षी तिथल्या मंडळींनी म्हटलं, तुझे फोटो भिंतीला लावू, मुलं बघतील. घरात फोटोंचा ढीग झाला होता. महिनाभर आधी एका रविवारी मी सगळे जमिनीवर पसरले आणि बाबांना म्हटलं, "तुम्ही जरा मदत करा. ढगाळ दिवसांचं करडं पाणी या बाजूला, आणि निळं-हिरवं पाणी त्या बाजूला ठेवा. मी मोठे कुठले करायचे ते बघते."

बाबा मांडी घालून बसले. एकेक फोटो उचलून बराच वेळ बघत होते. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले तर दोन नीट गठ्ठे तयार होते. वरवर चाळले आणि माझ्या लक्षात आलं की सगळं मिसळलंय. कोंडेश्वरचं ढगाळ पाणी आणि खाणीतलं भर दुपारचं पाणी एकाच गठ्ठ्यात, एकावर एक.

मला वाटलं त्यांनी कंटाळून कसेतरी लावले. मी दोन फोटो काढून समोर धरले. "बाबा, हे दोन एकसारखे आहेत?"

"आहेत ना."

"हा कुठला रंग आहे?"

"पाण्याचा."

"पाण्याचा म्हणजे कुठला?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "पांढुरका. राखाडी म्हण."

"आणि हा?"

"हा पण."

मी खाली बसले. आई दारात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. बाबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला.

"मला काही रंग कळत नाहीत, पोरी," ते म्हणाले. त्यात कबुली दिल्याचा सूर नव्हता. पाय दुखतो असं सांगावं तसं सांगितलं. "तरुणपणी रेल्वेत भरती होतो म्हणून गेलेलो. धावणं झालं, छाती मोजून झाली. मग एकानं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, म्हणाला आकडा सांग. मला ठिपकेच दिसले. त्यानं पान उलटलं, परत ठिपके. मला वाटलं थट्टा करतोय. तेव्हा कळलं."

"मग आम्हाला कधी बोलला का नाहीत?"

"कारखान्यात मशीनला लाल-हिरव्या लायटी असायच्या. तिथं कळलं असतं तर कामावर ठेवलं असतं का? तेव्हापासून तोंडातून काढायची सवयच गेली."

"आणि स्कूटर? सिग्नल?"

"वरचा पेटला की थांबायचं. त्यात काय."

आई तांदळाकडे बघतच म्हणाली, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा बाजारात पाठवलं, तर हिरवेगार टोमॅटो घेऊन आले. मला वाटलं चटणीसाठी आणलेत. मी चटणी केली." तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "नंतर मीच बाजारात जायला लागले. पण हे असं काही असतं ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, पुरुषमाणसाचं लक्ष नसतं."

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला कुतूहल वाटलं. माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून जेवणारा माणूस वेगळंच जग बघत होता. मला ते कसं दिसतं ते जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून जुनी शेडकार्डं घरी आणली. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही तो खेळ खेळायला लागलो. मी पट्टी धरायची, त्यांनी सांगायचं. पिवळा त्यांना लख्ख दिसायचा. लाल मळका, जवळजवळ मातीसारखा. पालवीचा हिरवा आणि वाळक्या गवताचा रंग त्यांना एकाच घरातले वाटायचे. निळ्याची पट्टी समोर आली की मात्र ते लगेच सांगायचे.

"निळा दिसतो मला," एकदा ते म्हणाले. "जयंतीला सगळ्या कॅम्पात झेंडे लागतात ना, तो निळा कधी चुकला नाही माझा. लांबून दिसतो."

मग मी निळ्यापासून हिरव्याकडे एकेक पट्टी सरकवत गेले. निळा, निळा, फिका निळा, असं ते म्हणत गेले, आणि एका ठिकाणी थांबले. "इथे काहीच नाही. इथे राख आहे." आणखी दोन पट्ट्या पुढे गेल्यावर पुन्हा काहीतरी दिसायला लागलं, पिवळसर. मी मधल्या त्या पट्टीकडे पाहिलं. ते खाणीचं पाणी होतं. अगदी तेच.

अंबरनाथला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांना हट्टानं नेलं. ती राखेची पट्टीही दाखवायला बरोबर घेतली. डॉक्टरांनी तसंच ठिपक्यांचं पुस्तक काढलं. बाबा त्याच्याकडे पाहून जुना ओळखीचा भेटल्यासारखे हसले. डॉक्टर म्हणाल्या, "जन्मापासून असतं हे, औषध काही नाही. निळा आणि हिरवा यांच्या मधोमध अशा डोळ्यांना एक जागा अशी येते की तिथे रंगच दिसत नाही. तुमच्या वडिलांची ती जागा तुम्ही बरोबर शोधलीत." मग त्यांनी मला विचारलं, कशी शोधलीत. मी सांगितलं, फोटो काढून. त्यांना ते नीटसं कळलं नसावं.

परतताना स्टेशनाबाहेर उसाचा रस प्यायला थांबलो, तेव्हा मी बाबांना विचारलंच. "दोन वर्षं तुम्ही माझ्याबरोबर उन्हातान्हात फिरलात. तुम्हाला तर तिथे राख दिसत होती. मग कंटाळा नाही आला?"

"राख कशी," ते म्हणाले. "पाण्यात ढग दिसायचे, कातळ उलटा दिसायचा. वारा कुठून येतो ते पाण्यावर कळायचं. पुष्कळ असायचं बघायला." ग्लास खाली ठेवत पुढे म्हणाले, "आणि तू एवढी कशाला हरखतेस ते मला कळत नव्हतं. म्हटलं, कधीतरी दिसेल आपल्यालाही."

विहारात फोटो लागले. मुलांनी बोटं लावून लावून पाहिले. बाबांनी मिसळलेला गठ्ठा मी मुद्दाम तसाच ठेवला आणि त्यातूनच फोटो निवडले. करडं पाणी आणि निळं-हिरवं पाणी शेजारीशेजारी लावल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की दोन्हींत उजेड आणि सावली किती सारखी पडली होती. रंगाच्या नादात मी ती कधी पाहिलीच नव्हती.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही परत कोंडेश्वरला गेलो. वाटेत करवंदाच्या जाळ्या होत्या. सगळीकडे हिरवं, हिरव्यावर हिरवं. एका वळणावरून कुंड चांगलं दिसत होतं. तोल सांभाळायला मी बाजूच्या जाळीला हात घालणार, तेवढ्यात बाबा हळू आवाजात म्हणाले, "हात मागे घे. सावकाश."

मी हात मागे घेतला. "काय आहे?"

"साप आहे. तुझ्या हातापासून वीतभर."

मी बघत राहिले. मला पानं दिसली, वेली दिसल्या. साप नाही.

"कुठे?"

"ती फांदी बघ, जिला एकही पान नाही. इतर फांद्या खरबरीत आहेत, ही गुळगुळीत आहे. आता टोकाकडे ये. तिथे डोळा आहे."

मी रंग ओळखून पोट भरणारी बाई. डोळे फाडून बघत होते, तरी मला फक्त हिरवं दिसत होतं. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले, माझ्या खांद्यावरून हात लांबवून बोट स्थिर धरलं आणि वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्या फांदीचं एक टोक किंचित डोललं, आणि एकदम सगळा साप दिसला, पुऱ्या लांबीचा, पानांच्याच रंगाचा हरणटोळ. अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी फार आनंदही झाला.

"तुम्हाला एवढ्या लवकर कसा दिसला?"

"मला तर समोरच दिसला," बाबा म्हणाले. "तुला दिसत नव्हता?" त्यांना खरंच नवल वाटत होतं. मग ते हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. परत येईपर्यंत स्कूटरवर ते शीळ घालत होते.

सापाचा फोटो मी काढला होता. स्टुडिओवाल्यानं तो प्रिंट हातात देताना विचारलं, "मॅडम, नुसत्या झुडपाचा कशाला काढला?" मी प्रिंट पिशवीत टाकून पैसे दिले. घरी बाबांना दाखवल्यावर त्यांनी बोट बरोबर डोळ्यावर ठेवलं.

त्यानंतर मी त्यांच्या हातात कॅमेरा द्यायला लागले. आधी नको नको म्हणायचे. मग रोलमधले निम्मे फोटो त्यांचे असायचे. वाळूवरच्या लाटांच्या रेघा, साचलेल्या पाण्यावर फुटलेले थेंब, कोळ्याचं जाळं. बहुतेक अशा गोष्टी, ज्यांच्यावरून मी चालत पुढे गेलेली असायचे.

माझं लग्न झालं, मी बदलापूरला राहायला आले. गावाबाहेर इमारती वाढत गेल्या आणि खाणीच्या त्या जागेला पत्रे लागले. तोवर रोलचे दिवस सरले होते. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आला होता आणि घरात कॉम्प्युटर. त्यात फोटोतला रंग बदलता येतो हे मला कळलं, तेव्हा एका रविवारी बाबा आले असताना मी जुना खाणीचा फोटो स्कॅन करून पडद्यावर लावला. त्यांना खुर्चीत बसवलं आणि माऊस हातात घेतला.

"मी पाणी हळूहळू बदलत जाते. तुम्हाला रंग दिसायला लागला की सांगा."

मी निळ्या-हिरव्याकडून निळ्याकडे सरकवायला लागले. बाबा पुढे वाकून बघत होते.

"अजून नाही. अजून राखच आहे. किंचित आला. नाही, थांबू नकोस, जाऊ दे पुढे."

पडद्यावरचं पाणी माझ्या डोळ्यांना शाईसारखं झालं होतं, त्यात जांभळी झाक आलेली. असं पाणी जगात कुठे नसेल. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आता," ते म्हणाले. "आता आला." आणि पुष्कळ वेळ बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "तुला तिथे उभं राहून असं वाटायचं होय?"

"बहुतेक असंच," मी म्हटलं.

तो फोटो मी मोठा करून घेतला. कॅम्प चारमधल्या त्यांच्या खोलीत, पंखा-मिक्सरच्या सामानाच्या वर, तो लावलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो भडक वाटतो. शेजारचे एक काका एकदा त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "असं पाणी कुठे असतं हो?"

"आहे ना," बाबा म्हणाले, "बदलापूरच्या पुढे."